फ्लॅश ऑटो घ्यावा की मॅन्युअल? आधी अंतर बघा

लग्नसराई तोंडावर आली की कोल्हापुरात नव्यानं कॅमेरा हातात घेतलेल्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "दादा, फ्लॅश ऑटो घेऊ का मॅन्युअल?" उत्तरंही ठरलेलीच मिळतात. एक जण सांगतो, नवशिक्यानं ऑटोच घ्यावा, मॅन्युअल हे मुरलेल्या माणसाचं काम. दुसरा सांगतो, खरा फोटोग्राफर मॅन्युअलवरच घडतो. मला ही दोन्ही उत्तरं पटत नाहीत. त्यांत माणसाची पारख होते, कामाची होत नाही. पंचवीस वर्षं लग्नं काढलेला माणूसही वरातीत ऑटो लावतो आणि काल शिकायला लागलेली मुलगी घरच्या टेबलावर चपलांचे फोटो मॅन्युअलवर उत्तम काढू शकते.

माझ्या मते विचारायचा प्रश्न एकच आहे. फ्लॅश आणि ज्याचा फोटो काढायचा तो माणूस किंवा वस्तू, या दोघांतलं अंतर दर फोटोला बदलणार आहे, की ते एका जागी राहणार आहे? बदलणार असेल तर ऑटो, राहणार असेल तर मॅन्युअल. बाकीचे मुद्दे, म्हणजे पैसे, कंपनी, बॅटरीचे सेल, हे सगळे त्यानंतरचे.

असं का, हे समजायला फ्लॅशच्या डोक्यात काय घडतं ते बघू.

नळ कधी बंद करायचा

फ्लॅशमध्ये एक कपॅसिटर असतो. सेलमधली वीज त्यात साठते आणि बटण दाबताच झेनॉन वायूच्या नळीतून एका झटक्यात बाहेर पडते. बऱ्याच जणांचा समज असा असतो की ताकद कमी केली की फ्लॅश मंद पेटतो. कॅमेऱ्यावर बसणाऱ्या फ्लॅशमध्ये तसं होत नाही. उजेडाची धार जवळपास तेवढीच राहते, ती किती वेळ सुरू ठेवायची तेवढं बदलतं. नळाखाली घागर धरल्यासारखं : धार तीच, नळ लवकर बंद केला तर पाणी कमी. आजच्या बहुतेक फ्लॅशवर पूर्ण ताकदीचा झोत साधारण १/३०० सेकंद टिकतो आणि अगदी कमी ताकदीवर तो १/२०,००० सेकंदापर्यंत खाली येतो.

फ्लॅशच्या पाठीवर १/१, १/२, १/४ असं १/१२८ पर्यंत लिहिलेलं असतं. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. या दुप्पट-निम्म्याच्या पायरीलाच फोटोग्राफर 'स्टॉप' म्हणतात. १/१ पासून १/१२८ पर्यंत अशा सात पायऱ्या होतात.

मॅन्युअल फ्लॅशमध्ये नळ कधी बंद करायचा हे तुम्ही आधीच सांगून ठेवता. समोर पांढरा सदरा असो, काळा कोट असो, माणूस दोन मीटरवर असो की सहा, तुम्ही १/८ लावलंय तर दर वेळी १/८ एवढाच उजेड पडणार. ऑटोमध्ये तो निर्णय प्रत्येक फोटोला यंत्र नव्यानं घेतं. दोन्हींतला खरा फरक एवढाच.

आता अंतराकडे. फ्लॅशपासून जसजसं लांब जावं तसा उजेड पसरत जातो आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. दोन मीटरवरचा पाहुणा चार मीटरवर गेला की त्याच्यावर पडणारा उजेड निम्मा राहत नाही, पाव होतो. म्हणजे दोन स्टॉप खाली. मॅन्युअलवर तुम्ही काही न बदलता तोच फोटो काढला तर चेहरा काळवंडलेला येईल, आणि तोच पाहुणा हात पुढे करून एका मीटरवर आला तर चेहरा पांढराफटक. या एका नियमामुळेच ऑटोची गरज निर्माण झाली.

ऑटो म्हणजे नेमकं कुठलं ऑटो?

ऑटो या एका शब्दाखाली दोन वेगळ्या पद्धती येतात आणि विकणारेही बऱ्याचदा त्या एकत्र करतात.

पहिली जुनी. फ्लॅशच्या पुढच्या अंगाला एक छोटा डोळा असतो. तुम्ही फ्लॅशला आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवलाय) आणि अपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं; एफचा आकडा मोठा तितकं भोक बारीक) सांगायचं. झोत निघाला की समोरून परत येणारा उजेड तो डोळा मोजतो आणि पुरेसा झाला की नळ बंद करतो. कॅमेऱ्याशी काही बोलणं नाही, त्यामुळे कुठल्याही कंपनीच्या कॅमेऱ्यावर चालतं. १९७० च्या दशकातला व्हिव्हिटार २८३ हा या जातीचा सगळ्यात गाजलेला फ्लॅश. उरलेली वीज वाया न घालवता कपॅसिटरमध्येच राखून ठेवणारं थायरिस्टरचं सर्किटही त्यात होतं, त्यामुळे पुढच्या फोटोला तो लवकर तयार व्हायचा. जुन्या स्टुडिओंच्या कपाटात असले फ्लॅश अजून सापडतात. त्यांच्याबद्दल एक धोक्याची गोष्ट पुढे सांगतो.

दुसरी पद्धत टीटीएल, म्हणजे लेन्समधून आत आलेला उजेड मोजणं. १९७५ च्या ऑलिंपस ओएम-२ या कॅमेऱ्यानं ही वाट पाडली : फोटो निघत असतानाच फिल्मवरून परतणारा उजेड कॅमेऱ्याच्या आतला सेन्सर मोजायचा आणि पुरे झाला की फ्लॅशला थांबवायचा. डिजिटल सेन्सर फिल्मसारखा उजेड परतवत नाही, म्हणून ही युक्ती तिथे नीट चालेना. मग प्री-फ्लॅश आला. आज तुम्ही बटण दाबता तेव्हा फ्लॅश खरं तर दोनदा पेटतो. आधी एक हलका झोत जातो, तो समोरून किती परत आला हे कॅमेरा मोजतो, हिशेब करतो आणि मग खरा झोत सोडतो. हे इतकं पटकन होतं की डोळ्याला एकच लखलखाट दिसतो. कॅननचं ई-टीटीएल १९९५ साली आलं, त्याची सुधारलेली आवृत्ती २००४ ची. निकॉनचं आय-टीटीएल २००३ चं. आजच्या बाजारात कुणी 'ऑटो फ्लॅश' म्हटलं की बहुतेक वेळा टीटीएलच समजायचं.

प्री-फ्लॅशमुळे एक गंमत मात्र होते. काही माणसांची पापणी इतकी चपळ असते की हलक्या झोतानं ती मिटते आणि खऱ्या झोताला डोळे बंद सापडतात. एखाद्या मावशी प्रत्येक फोटोत डोळे मिटलेल्याच येत असतील तर त्यांना दोष देऊ नका. फ्लॅश मॅन्युअलवर घ्या आणि पुन्हा काढा.

टीटीएल कुठे फसतं

कॅमेऱ्याचं मोजमाप एका गृहीतावर चालतं : समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करडं आहे. बहुतेक दृश्यं तशी असतातही. पण कोल्हापूरच्या लग्नात पहिल्या रांगेत बसलेली पांढरा सदरा, पांढरं धोतर आणि पांढरी टोपी घातलेली थोरली मंडळी आठवा. एवढं पांढरं परत आलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, तो फ्लॅश आवरतो आणि फोटोत टोप्या मळकट, चेहरे सावळे येतात. अशा वेळी फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन, म्हणजे यंत्राच्या हिशेबात आपण हातानं केलेली वाढ-घट, अधिक दोन-तृतीयांश ते अधिक एक स्टॉप करायचं. उलट, स्टेजच्या मागे काळा पडदा आणि पुढे एकटी नवरी असेल तर कॅमेरा जास्त झोत टाकतो आणि चेहरा ओव्हर, म्हणजे पांढराफटक जातो. तिथे उणे एक. नव्या कॅमेऱ्यांचं गणित बरंच शहाणं झालंय. प्री-फ्लॅशच्या आधीचा आणि नंतरचा उजेड ताडून, अचानक फार चमकलेला भाग ते हिशेबातून वगळतात. तरी फसायचं ते अधूनमधून फसतंच, आणि कधी फसेल याचा भरवसा नसतो.

या 'भरवसा नसतो' मधला खरा त्रास पुढे कळतो. स्टेजवर एकाच जागी उभ्या असलेल्या नवरा-नवरीबरोबर चाळीस कुटुंबांचे फोटो काढले. एका कुटुंबानं पांढरे कपडे घातलेत, दुसऱ्यानं गडद, तिसऱ्यात एकाच्या चष्म्याची काच चमकली. टीटीएलनं चाळीस वेळा वेगळा निर्णय घेतला. आता अल्बम करताना चाळीस फोटोंचा उजेड एकेक करून जुळवायचा. मॅन्युअलवर काढले असते तर पहिला दुरुस्त करून तीच दुरुस्ती बाकीच्या एकोणचाळीसांना एका झटक्यात लागली असती.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत टीटीएल आणखी वेगळ्या कारणानं गोंधळतं. सासनकाठ्या नाचत असतात आणि हवेत गुलाल उधळलेला असतो. प्री-फ्लॅश आधी त्या गुलालाच्या कणांवर आपटतो, जवळून भरपूर उजेड परत येतो आणि कॅमेरा समजतो की काम झालं. मागचा काठी पेलणारा माणूस अंधारात राहतो, पुढे गुलाबी धुकं तेवढं झगझगतं. यावर मॅन्युअलही पुरता इलाज नाही, कारण जवळचा गुलाल तसाही चमकणारच. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूला धरला की तो झगझगाट बराच कमी होतो. मी तर म्हणेन, वाडी रत्नागिरीवर, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, दिवसाढवळ्या फ्लॅश बंदच ठेवा. तिथल्या उन्हात गुलालाचा जो रंग खुलतो तो फ्लॅशनं मरतो.

गुजरीतल्या दागिन्यांच्या दुकानात काचेची शोकेस, आरसे आणि सोनं असं तिहेरी संकट असतं. प्री-फ्लॅश आरशातून थेट लेन्समध्ये परतला की अख्खा फोटो अंडर, म्हणजे काळवंडलेला.

मॅन्युअलचं गणित, एकदाच

मॅन्युअलला लोक बिचकतात ते आकडेमोडीमुळे. ती फार थोडी आहे. प्रत्येक फ्लॅशचा गाइड नंबर असतो. आयएसओ १०० वर, पूर्ण ताकदीला, हा आकडा अंतरानं भागला की अपर्चर मिळतं. खोक्यावर बहुधा ६० लिहिलेलं असतं, पण तो फ्लॅशचं डोकं २०० मिलिमीटरपर्यंत झूम करून, झोत अरुंद केल्यावरचा आकडा. ३५ मिलिमीटरच्या रुंद झोताला तोच फ्लॅश साधारण ३६ चा होतो. खरेदी करताना दोन फ्लॅशची तुलना करायची तर दोन्हींचे आकडे एकाच झूमचे आहेत ना, हे बघा.

आता ३६ धरू. माणूस तीन मीटरवर. ३६ भागिले ३, म्हणजे १२, म्हणजे एफ/११ च्या जवळपास. पण मंगल कार्यालयात एवढं बारीक अपर्चर कोण वापरतो? समजा आयएसओ ४०० आणि एफ/५.६ आहे. आयएसओ चौपट झाला की गाइड नंबर दुप्पट होतो : ७२. त्याला ५.६ नं भागलं की जवळपास १३ मीटर. म्हणजे पूर्ण ताकदीला हा फ्लॅश १३ मीटरवर बरोबर पडेल. आपला माणूस तीनवर आहे, म्हणजे चौपटीहून थोडा जवळ. वर्ग केला की साधारण अठरापट उजेड जास्त. म्हणून १/१६ लावा. झालं. फ्लॅश छताकडे वळवून बाउन्स करणार असाल तर वाटेत साधारण दोन स्टॉप जातात, म्हणून १/४ पासून सुरुवात करा. एक फोटो काढून स्क्रीनवर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा, एखादी पायरी वर-खाली करा. फिल्मच्या काळात हा आकडा चुकला तर रोल धुतल्यावर कळायचं. आता लगेच कळतं, त्यामुळे मॅन्युअल आज पूर्वीपेक्षा कितीतरी सोपं आहे.

या गणितात आणखी एक गोष्ट दडलीय आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. अंतर मोजायचं ते फ्लॅशपासून, कॅमेऱ्यापासून नाही. फ्लॅश कॅमेऱ्यावरच असेल तर दोन्ही एकच. पण फ्लॅश स्टँडवर लावून रेडिओ ट्रिगरनं, म्हणजे कॅमेऱ्यावरून बिनतारी इशारा देणाऱ्या यंत्रानं, पेटवला की तुम्ही मोकळे. जवळ जा, लांब या, लेन्स बदला, जमिनीवर बसा, उजेड तोच राहतो. त्यामुळे कॅमेऱ्यावरून उतरवलेला फ्लॅश आणि मॅन्युअल यांची जोडी इतकी घट्ट जमते.

दुसरं, फ्लॅश जितका लांब तितका माणसाच्या हालचालीचा फरक कमी पडतो. एक मीटरवर असलेला माणूस अर्धा मीटर मागे सरकला तर एका स्टॉपहून जास्त उजेड जातो. साडेचार मीटरवरचा माणूस तेवढाच मागे सरकला तर एक-तृतीयांश स्टॉप जेमतेम जातो, तो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये सहज भरून निघतो.

हे तालमीत फार कामाला येतं. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत पहाटेच्या मेहनतीचे फोटो काढायला बाहेरगावाहूनही लोक येतात. हौद्यातल्या तांबड्या मातीवर पैलवान सतत हलत असतात, म्हणजे माझ्या नियमाप्रमाणे ऑटो लावायला हवा असं वाटेल. पण दोन फ्लॅश उंचावर, हौद्यापासून चार-पाच मीटर मागे, दोन कोपऱ्यांत लावले तर हौद्यातली हालचाल त्या अंतराच्या मानानं किरकोळ ठरते. मॅन्युअल १/१६, आयएसओ चढवलेला. कमी ताकदीचा झोत म्हणजे छोटा झोत, हे वर आलंच आहे. त्यामुळे हवेत उडालेल्या मातीचा कण न् कण थिजलेला मिळतो. टीटीएल इथे घामानं चमकणाऱ्या पाठी आणि काळवंडलेल्या भिंती यांच्यात हेलकावे खात बसतं. फ्लॅश लावण्याआधी वस्तादांना विचारायचं आणि कुठल्याही पैलवानाच्या डोळ्यांत थेट झोत जाणार नाही असं तोंड वळवायचं. पकड लागलेली असताना डोळे दिपले तर इजा होते.

खासबाग मैदानाची गोष्ट निराळी. प्रेक्षकांत बसून तीस मीटरवरच्या कुस्तीला फ्लॅश मारायचा तर जवळपास दर वेळी पूर्ण ताकद खर्च होते, मग पुन्हा चार्ज होईपर्यंत दोन-तीन सेकंद थांबा, तोवर डाव होऊन गेलेला. तिथे ऑटोही नको, मॅन्युअलही नको. आयएसओ वाढवा.

चप्पल, साज आणि रंकाळा

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आता घरबसल्या ऑनलाइन विकणारी कुटुंबंही आहेत. त्यांच्यासाठी माझा सल्ला ठाम आहे : मॅन्युअल, आणि फक्त मॅन्युअल. टेबल हलत नाही, चप्पल हलत नाही, फ्लॅश हलत नाही. एका बाजूनं, चपलेच्या पातळीपेक्षा थोडा वर फ्लॅश ठेवला की चामड्याची वीण आणि कातडी पट्ट्यांची नक्षी उठून दिसते. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल लावून सावली उजळायची. सोमवारी काढलेला जोड आणि शुक्रवारी काढलेला जोड एकाच उजेडात, एकाच रंगात दिसतो. टीटीएलवर काळी चप्पल करडी दिसेल आणि पिवळसर कातडं मळकट, मग गिऱ्हाईक म्हणणार, "फोटोत रंग वेगळा होता."

कोल्हापुरी साजाचंही तेच, फक्त तिथे फ्लॅश थेट न टाकता मोठ्या पांढऱ्या कापडातून गाळून टाकायचा. नाहीतर प्रत्येक मण्यावर एकेक पांढरा ठिपका उमटतो आणि सोनं पितळेसारखं दिसतं.

रंकाळ्यावर संध्याकाळी लग्नाआधीचं शूट करताना आणखी एक सोय लक्षात येते. फ्लॅशचा झोत शटरच्या वेळेपेक्षा कितीतरी छोटा असतो, म्हणून शटरचा वेग बदलल्यानं फ्लॅशनं उजळलेल्या चेहऱ्यावर फरक पडत नाही. फरक पडतो तो मागच्या आभाळावर आणि पाण्यावर. आयएसओ आणि अपर्चर मात्र दोन्हींवर चालतात. फ्लॅश स्टँडवर, मॅन्युअलवर, चेहरा एकदा बरोबर जमवून घ्या. मग नुसतं शटर १/१२५ वरून १/६० केलं की आभाळ एका स्टॉपनं उजळ, १/२०० केलं की गडद. चेहरा तसाच. टीटीएलवर मागचं आभाळ बदललं की चेहऱ्याचा हिशेबही हलू शकतो.

शटर किती वर न्यायचं याला हद्द आहे. बहुतेक कॅमेऱ्यांवर ती १/२०० किंवा १/२५० सेकंद असते. त्याच्या वर शटरचे दोन्ही पडदे एकदम उघडे राहत नाहीत आणि फोटोत काळी पट्टी येते. हाय स्पीड सिंक असलेला फ्लॅश त्याच्याही वर चालतो, पण उजेडाची मोठी किंमत घेऊन. भर उन्हात पन्हाळ्याच्या तटबंदीवर फोटो काढणार असाल तर ही सोय असलेलाच फ्लॅश घ्या.

मग लग्नात काय?

लग्नात दोन्ही. स्टेजवर, जिथे जोडपं आणि पाहुणे ठरलेल्या जागी उभे राहतात, तिथे दोन कोपऱ्यांत स्टँडवर मॅन्युअल फ्लॅश. आणि गळ्यातल्या कॅमेऱ्यावर टीटीएल. हळदीला पोरी एकमेकींच्या तोंडाला हळद फासत पळत असतात. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि त्याच क्षणी आई डोळे पुसते, मामा वळतो, करवली पुढे झेपावते. तुमच्यापासून कुणी एका मीटरवर, कुणी पाचवर. त्या काही सेकंदांत भागाकार करत बसणाऱ्याचा फोटो गेला. तिथे टीटीएलनं एक-तृतीयांश स्टॉपची चूक केली तरी मी ती आनंदानं स्वीकारतो.

बाउन्ससाठीही टीटीएल सोयीचं, कारण दर खोलीत छताची उंची वेगळी. फक्त छताकडे एकदा मान वर करून बघायची सवय लावा. जुन्या वाड्यांतलं काळपट लाकडी माळवद उजेड गिळून टाकतं, फ्लॅश पूर्ण ताकद लावूनही कमी पडतो. नव्या कार्यालयांतल्या रंगीत फॉल्स सीलिंगवरून बाउन्स केला तर चेहऱ्यावर तो रंग उतरतो. टीटीएल उजेड मोजतं, रंगाची त्याला पर्वा नाही. आणि लॉनवरच्या लग्नात तर छतच नसतं.

एक सूचना, मोठ्या कार्यालयांत दोन-तीन टीम असतात म्हणून. तुमचे फ्लॅश दुसऱ्याचा झोत पाहून पेटणाऱ्या स्लेव्ह मोडवर असतील तर पाहुण्यांच्या कॅमेऱ्याच्या प्री-फ्लॅशनंच ते आधी पेटून मोकळे होतील. एस-टू मोड असेल तर तो प्री-फ्लॅश सोडून देतो, पण रेडिओ ट्रिगर सगळ्यात बरा. रेडिओवरही दुसऱ्या टीमचा चॅनेल तुमचाच निघाला तर त्यांच्या बटणावर तुमचे फ्लॅश पेटतील. काम सुरू करण्याआधी चॅनेल बदलून घ्या.

खरेदीला जाताना

टीटीएल फ्लॅशमध्ये मॅन्युअल मोड असतोच. मॅन्युअल फ्लॅशमध्ये टीटीएल नसतं. मग टीटीएलच का घेऊ नये? पैशांमुळे. साधारण एका टीटीएल फ्लॅशच्या किमतीत त्याच दर्जाचे दोन मॅन्युअल येतात. स्टुडिओ, वस्तू, पोर्ट्रेट हे तुमचं काम असेल तर एका हुशार फ्लॅशपेक्षा दोन साधे फ्लॅश कितीतरी जास्त देतात : एक समोरून, एक मागून केसांवर, आणि फोटोला खोली येते. लग्न-समारंभ हे काम असेल तर पहिला टीटीएल घ्या, दुसरा आणि तिसरा मॅन्युअल, तिन्ही एकाच रेडिओ पद्धतीचे. गोडॉक्सचा टीटी६०० हा त्यातला चांगला मॅन्युअल, रेडिओ रिसीव्हर आतच असलेला. त्याच कंपनीच्या एक्सप्रो ट्रिगरवर टीसीएम नावाची सोय आहे : एक फोटो टीटीएलवर काढायचा, बटण दाबायचं, त्यानं काढलेलं उत्तर मॅन्युअल आकड्यात बदलून पक्कं होतं. शिकणाऱ्याला यासारखा गुरू नाही.

टीटीएल कंपनीप्रमाणे वेगळं असतं. कॅननचा फ्लॅश निकॉनच्या हॉटशूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेवर, टीटीएल करत नाही. मॅन्युअलला हे बंधन बहुधा नसतं, पण दोन अपवाद आहेत. सोनीच्या नव्या कॅमेऱ्यांचा शू वेगळा, त्यामुळे सोनीसाठीची आवृत्तीच मागा. आणि कॅननच्या १५००डी, ३०००डी, २००डी मार्क टू या आपल्याकडे भरपूर खपलेल्या मॉडेलांच्या हॉटशूमध्ये मधली पिनच नाही. साधा एका पिनचा मॅन्युअल फ्लॅश किंवा ट्रिगर त्यांच्यावर पेटतच नाही, कॅननच्या पद्धतीशी जुळणारा लागतो. बऱ्याच जणांना हे फ्लॅश घरी आणल्यावर कळतं. आधी कॅमेऱ्याचा शू बघा : मधोमध मोठा गोल संपर्क दिसतो का?

सेल चांगल्या प्रतीचे रिचार्जेबल घ्या, निकेल-मेटल हायड्राइडचे. साध्या सेलवर पूर्ण ताकदीचा झोत भरायला वेळ लागतो आणि नेमकी अक्षतांच्या वेळी फ्लॅश मान टाकतो. लिथियमचा पॅक असलेले फ्लॅश महाग, पण लवकर भरतात आणि शेकडो झोत देतात. लग्न हाच धंदा असेल तर तो खर्च पहिल्या सीझनमध्ये वसूल होतो.

आता त्या जुन्या फ्लॅशची गोष्ट. वडिलांच्या किंवा काकांच्या स्टुडिओतला व्हिव्हिटार सापडला तर तो थेट डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. त्या काळातल्या काही फ्लॅशच्या पिनेवर २०० व्होल्टहून जास्त दाब असतो. फिल्मच्या कॅमेऱ्यांना तो चालायचा, पण डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट त्यानं जळू शकतं, आणि सगळेच कॅमेरे सारखे सोसत नाहीत. फ्लॅश चार्ज करून मल्टिमीटरची एक सुई मधल्या पिनेवर आणि दुसरी बाजूच्या धातूच्या पट्टीवर टेकवून मोजा. ओळखीतला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा हे दोन मिनिटांत करून देईल. आकडा पाच-सहा व्होल्टच्या आत असेल तर बिनधास्त वापरा. जास्त असेल तर कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात दिलेली मर्यादा बघा, आणि तीही ओलांडत असेल तर तो फ्लॅश फक्त वेगळा स्लेव्ह सेन्सर जोडून, स्टँडवर, कॅमेऱ्यापासून लांब.

नवा फ्लॅश घेताना दुकानातच पूर्ण ताकदीवर लागोपाठ दहा झोत मारून बघा आणि प्रत्येकानंतर तयार व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. मग १/१६ वर तीन मीटरवरच्या भिंतीचे पाच फोटो काढा. पाचही स्क्रीनवर अगदी सारखे दिसले पाहिजेत. मॅन्युअल फ्लॅशमध्ये एखादा वेगळा आला तर तो पीस परत ठेवून दुसरा मागा.